आधी कठडा, मग कळस

आमच्या घरासमोर पूर्वी एक बैठा बंगला होता. पुढे अंगण, अंगणात पारिजातक. पुण्यात अशा बंगल्यांचे जे होते तेच त्याचेही झाले. गेल्या पावसाळ्यानंतर तिथे पत्रे लागले, खड्डा खणला गेला आणि एका सकाळी ट्रकांतून पिवळे लोखंडी सांगाडे येऊन पडले. चार-पाच दिवसांत त्यांची टॉवर क्रेन उभी राहिली. मी निवृत्त माणूस, सकाळचा चहा गॅलरीत घेतो. त्यामुळे हा सोहळा मला अथपासून इतिपर्यंत पाहायला मिळाला. सोबतीला चौथीतला नातू होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक प्रश्न विचारला. क्रेन सगळे सामान वर चढवते, पण क्रेनला वर कोण चढवते, हे त्याला हवे होते.

तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याला एक कारण सहाशे वर्षांपूर्वीचे आहे आणि एक माझ्या नोकरीतले. नोकरीतले नंतर सांगतो.

सहाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराला पडला होता, आणि तो सोडवला फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या बुटक्या, तापट आणि कमालीच्या संशयी माणसाने. फ्लॉरेन्स हे मूळचे सावकारांचे आणि पेढीवाल्यांचे गाव. बँक हा शब्दच मुळी इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आला. एका कादंबरीसाठी मी तिथल्या जुन्या पेढ्यांविषयी वाचत होतो, तेव्हा या माणसाशी गाठ पडली ती कायमची. पुढे निवृत्तीनंतर सौ.बरोबर तिकडे जायचा योग आला. कॅथीड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत. सौ.ने त्या मोजत चढल्या आणि मी दर पन्नास पायऱ्यांना थांबत.

फिलिप्पोचा जन्म १३७७ सालचा. वडील नोटरी, म्हणजे दस्तऐवज करणारे. मुलाने आपल्याच वाटेने जावे ही त्यांची अपेक्षा, पण पोराचे हात सारखे काहीतरी घडवायला शिवशिवत. त्याला सोनारकाम शिकायला घातले. सोनारकामात तो तयार झालाच, शिवाय घड्याळेही करू लागला. दातेरी चाके, वजने, मळसूत्रे यांचे वेड त्याला तिथे लागले असावे. पुढे त्याने जी यंत्रे केली ती पाहिली की एखाद्या घड्याळजीला बैलगाडीएवढी चाके दिली तर तो काय करील, याची कल्पना येते.

१४०१ साली बाप्तिस्तेरीच्या काशाच्या दरवाजांसाठी स्पर्धा झाली. चोवीस वर्षांचा फिलिप्पो तीत उतरला. काम मिळाले लोरेन्झो गिबर्ती या त्याच्याहून तरुण कारागिराला. दोघांनी स्पर्धेसाठी केलेले नमुने आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. त्याचा चरित्रकार सांगतो की दोघांनी मिळून काम करावे असे सुचवण्यात आले होते, पण फिलिप्पोने ते झिडकारले. वाटून घेणे हा त्याचा स्वभावच नव्हता. मग तो शिल्पकार मित्र दोनातेल्लोबरोबर रोमला गेला आणि तिथल्या पडक्या इमारतींची मोजमापे घेत हिंडू लागला. मातीत उकरणारी ही दोन पोरे गुप्तधन शोधताहेत असा लोकांचा समज झाला होता म्हणे. एका अर्थी तो खराच होता.

आता त्या घुमटाविषयी. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले. सव्वाशे वर्षांत भिंती झाल्या, कमानी झाल्या, आणि मधोमध एक अष्टकोनी भोक तसेच उघडे राहिले. जमिनीपासून पन्नास मीटरांहून उंच आणि चाळीस मीटरांहून अधिक रुंद. त्यावर घुमट बांधायचे ठरले होते, पण कसा ते कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात, तसे कमान किंवा घुमट बांधताना खालून लाकडी आधार देत. इतक्या उंच नि इतक्या रुंद सेंट्रिंगला लाकूड आणायचे कुठून, आणि आणले तरी ते स्वतःचा भार पेलेल का, हा पेच होता. १४१८ साली कॅथीड्रलच्या मंडळाने दोनशे फ्लोरिनांचे बक्षीस लावून योजना मागवल्या.

फिलिप्पो म्हणाला की सेंट्रिंग लागणारच नाही. सभेत त्याला वेडा ठरवून उचलून बाहेर घातल्याची कथा आहे. अंडे टेबलावर उभे करून दाखवण्याची जी गोष्ट आपण कोलंबसाच्या नावावर ऐकतो, तीही इटलीत याच्या नावावर सांगतात. खरेखोटे देव जाणे. इतके खरे की त्याने विटांचा नमुना घुमट बांधून दाखवला आणि १४२० साली काम त्याच्याकडे आले. पण मंडळ पडले व्यापाऱ्यांचे. त्यांनी एका माणसावर विसंबून न राहता गिबर्तीलाही बरोबरीने नेमले. दोघांचा पगार सारखा, वर्षाला ३६ फ्लोरिन. फिलिप्पोला हे किती झोंबले असेल ते नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको.

घुमट उभा कसा राहिला याचे थोडक्यात उत्तर असे. त्याने एकात एक अशी दोन कवचे बांधली. विटा आडव्या थरांत रचताना मधून मधून उभ्या विटा घालून त्यांची तिरकी गुंफण केली, म्हणजे ओल्या चुन्यावरची वीट घसरायची ती उभ्या विटेला अडून राही. प्रत्येक फेरा पूर्ण झाला की स्वतःचा भार स्वतः पेलत असे. पिंपाला पट्ट्या ठोकतात तशा दगडी आणि लाकडी साखळ्या आतून फिरवल्या. चाळीस लाखांवर विटा त्यात गेल्या.

पण मला सांगायचे आहे ते विटांविषयी नाही, विटा वर गेल्या कशा त्याविषयी. त्या काळी माल चढवायला माणसाने आतून चालून फिरवायची मोठी चाके असत. इतक्या उंचीला आणि इतक्या वजनाला ती पुरी पडणारी नव्हती. फिलिप्पोने कॅथीड्रलच्या जमिनीवर बैलांनी फिरवायचा एक रहाट उभारला.

आमच्या आजोळी विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून उतरत, मोट वर येई. मग बैलांना मागे पावले टाकत परत वर यावे लागे, तेव्हा मोट खाली जाई. बैल उलट चालवणे किती जिकिरीचे, हे मोट हाकणाऱ्यालाच ठाऊक. फिलिप्पोपुढे हीच अडचण होती. घाण्याच्या बैलासारखा बैल गोल फिरला की माल वर जाई. रिकामी पाटी खाली आणायची तर प्रत्येक वेळी बैल सोडा, उलट्या तोंडाने जुंपा. दिवसात अशा खेपा किती होणार? त्याने उभ्या दांड्यावर वर-खाली दोन आडवी दातेरी चाके बसवली. मळसूत्र फिरवून दांडा थोडा वर उचलला की एक चाक गुंते, खाली सोडला की दुसरे. बैल एकाच दिशेने चालत राही आणि दोर मात्र हवा तेव्हा वर, हवा तेव्हा खाली. लहान-मोठ्या जाडीचे रूळही होते. जड दगड सावकाश, हलका माल भरभर. मोटारीच्या गिअरची कल्पना याहून फार वेगळी नाही. दोर आणवले पिसाहून, जिथे जहाजांचे दोर वळले जात.

माल वर पोचला तरी तो जागेवर बसवायचा प्रश्न उरतोच. साखळीसाठीचे लांबट, अवजड दगड नेमक्या खाचेत बसायला हवेत, नाहीतर खालचे ओले बांधकाम धक्क्याने जायचे. त्यासाठी १४२३ च्या सुमारास त्याने आणखी एक यंत्र केले. एक उंच लाकडी खांब, त्याच्या डोक्यावर गोल फिरणारी आडवी तुळई, तुळईच्या एका बाजूला लटकता दगड आणि दुसऱ्या बाजूला तोल सांभाळणारे वजन. दोन्ही बाजू मळसूत्राने आत-बाहेर सरकत. दगड पुढे गेला की तोलही तेवढा हलवायचा, म्हणजे खांबाला ओढ बसत नाही.

गॅलरीतून समोर पाहिले तर हेच यंत्र दिसते. लोखंडी आहे, विजेवर चालते, एवढाच फरक. आजची टॉवर क्रेन ही हान्स लीबहेर या जर्मन बांधकामवाल्याने १९४९ साली सुटे भाग जागेवर नेऊन जोडता येतील अशी क्रेन केली, तिथून पसरली. पण तोलाचे गणित फिलिप्पोचेच आहे. समोर ते उलगडताना मी पाहिले. आधी जमिनीत काँक्रीटचा भला मोठा ठोकळा आणि त्यात पुरलेले खांबाचे पाय. मग ओळंब्यात उभा खांब. त्यावर फिरता माथा. मग मागचा आखूड हात, त्यावर काउंटरवेटचा एखादाच ठोकळा. मग पुढचा लांब हात. आणि तो बसल्यावरच मागचे उरलेले ठोकळे. सगळी वजने आधीच मागे टाकली तर खांब मागे कलंडेल, अजिबात टाकली नाहीत तर लांब हात बसताच पुढे. हा क्रम यंत्र बनवणारा लिहून देतो आणि त्यात कोणी आपली अक्कल चालवायची नसते. वारा वाढला की काम थांबते. क्रेन चालताना जितकी धोक्याची नसते तितकी ती उभारताना, उंच करताना आणि उतरवताना असते. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये क्रेन उंच करत असताना तिला इमारतीशी जखडणारे लोखंडी कडे नायलॉनच्या पट्ट्यांनी टांगले होते. पट्ट्या तुटल्या आणि सात माणसे गेली. २०१९ मध्ये सिएटल इथे क्रेन उतरवताना खांबाच्या जोडांतल्या खिळी वेळेआधीच काढल्या होत्या. वाऱ्याने क्रेन आडवी झाली, चार गेली. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारे यंत्र कोसळले, ते वाचकांच्या लक्षात असेल. वीस माणसे. त्यातली बहुतेक लांबून पोटासाठी आलेली.

फिलिप्पोच्या यंत्रांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला त्याचे मोठेपण दिसते ते कॅथीड्रलच्या मंडळाच्या कागदांत. हे मंडळ लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या ताब्यात होते, आणि व्यापाऱ्यांनी पैपैचा हिशेब ठेवला. त्या चोपड्या अजून शाबूत आहेत. काम कसे करायचे याचे लेखी टिपण आहे आणि काम चालू असताना त्यात केलेली लेखी दुरुस्तीही आहे. त्या दुरुस्तीत एक कलम असे आहे की आतल्या बाजूने फळ्यांचा कठडा बांधावा, म्हणजे गवंड्यांची नजर खाली जाणार नाही आणि त्यांना सुरक्षित काम करता येईल. घुमट जसजसा वर जातो तसतसा तो आत झुकतो. वरचा गवंडी अक्षरशः पोकळीवर ओणवा असतो. त्याला खालचे दिसू नये, एवढ्यासाठी फळ्या. कोणी तरी त्या गवंड्याच्या जागी उभे राहून खाली पाहिले होते, त्याशिवाय हे कलम सुचत नाही.

वरच्या माणसांना कामाच्या वेळी पाणी घातलेलीच वाइन मिळे. दुपारच्या जेवणाला शेकडो पायऱ्या उतरून परत चढणे नको म्हणून वरच खाण्याची सोय केल्याचे चरित्रकार सांगतो. घुमटावरून दोराने लोंबकळत कबुतरे पकडायला तर सक्त मनाई होती. यावरून ती मनाई होण्याआधी काय चालत असेल तेही कळते! अपघात झालेच नाहीत असे नाही. उंचावरून पडून गवंडी मेल्याच्या नोंदी आहेत. पण सोळा वर्षांच्या त्या कामात माणसाच्या तोल जाण्याचा विचार माणूस पडायच्या आधी केला गेला, हे कागदावर आहे.

त्याला देवमाणूस करण्याची गरज नाही. चरित्रकार सांगतो की गवंड्यांनी मजुरीसाठी काम थांबवले, तेव्हा त्याने लोम्बार्डीतली माणसे आणून कामाला लावली, आणि जुनी माणसे शरण आल्यावर त्यांना कमी मजुरीवर परत घेतले. कठडा देणारा हात आणि मजुरी कापणारा हात एकच. गिबर्तीला उघडे पाडायला त्याने आजाराचे सोंग घेतले आणि ऐन साखळीच्या कामात अंथरूण धरले, अशीही कथा आहे. १४२६ साली त्याचा पगार शंभर फ्लोरिन झाला. गिबर्ती छत्तीसवरच राहिला.

तो चुकलाही. संगमरवर नदीतून आणायला त्याने एक नवे जहाज काढले आणि १४२१ साली त्याचा एकाधिकार मिळवला. पेटंटच्या इतिहासात हे नाव पहिल्या काहींत घेतले जाते. ते जहाज अर्नो नदीत संगमरवरासकट बुडाले आणि बरीचशी कमाई घेऊन गेले. १४३० साली लुका शहराला पाण्याने वेढण्याची त्याची लष्करी योजना फसली आणि पाणी फ्लॉरेन्सच्याच छावणीत शिरले. १४३४ साली घुमट शेवटाला आलेला असताना गवंड्यांच्या संघाची वर्गणी भरली नाही म्हणून त्याला चक्क तुरुंगात टाकले. मंडळाने काही दिवसांत सोडवून आणले.

१४३६ साली घुमट मिटला. वर संगमरवरी कळस चढवायचा होता. त्याचाही नमुना याचाच निवडला गेला, आणि इतक्या उंचीवर इतके जड दगड नेऊन बसवायला त्याने नवीन क्रेन आखली. कळसाचे काम नुकतेच सुरू झाले होते, तेव्हा १५ एप्रिल १४४६ रोजी तो गेला. लग्न केले नव्हते. दत्तक मुलाने त्याच्या चेहऱ्याची संगमरवरी प्रतिमा केली, ती कॅथीड्रलमध्ये आहे. त्याला पुरले तेही तिथेच, आणि ती जागा विस्मरणात जाऊन १९७२ साली पुन्हा सापडली.

आपली युक्ती कोणी चोरील या धास्तीने त्याने यंत्रांची चित्रे मागे ठेवली नाहीत. आपल्याला ती कळतात ती इतरांच्या वह्यांतून. १४७१ साली कळसावर तांब्याचा मोठा गोळा चढवला, तेव्हा ते काम करणाऱ्या वेरोक्योच्या हाताखाली एकोणीस वर्षांचा लिओनार्दो दा विंची होता. त्याच्या वहीत या क्रेनची चित्रे आहेत. त्यामुळे पुष्कळ दिवस लोक ती लिओनार्दोचीच कल्पना समजत.

आता माझ्या नोकरीतले कारण. ऐंशीच्या दशकात मी एका जिल्ह्याच्या गावी शाखेत कर्ज पाहणारा अधिकारी होतो. एका इमारतीच्या कर्जाचा प्रस्ताव आला. अंदाजपत्रक नेहमीप्रमाणे फुगलेले होते, आणि ते खाली आणण्यात माझा हातखंडा होता. चौथ्या पानावर परांचीचे कठडे आणि जाळ्या अशी एक ओळ होती. रक्कम फार नव्हती. यातून काही उभे राहत नाही, हा अनुत्पादक खर्च, असा शेरा मारून मी ती लाल शाईने खोडली. कंत्राटदारानेही हरकत घेतली नाही. वरिष्ठांनी माझ्या काटकसरीची तारीफ केली.

तिसऱ्या मजल्याच्या कामावर माल चढवायच्या पाटीबरोबर एक पोरगा खाली आला. वीस-बावीसचा असेल. मी पुढच्या महिन्याच्या पाहणीला गेलो, तेव्हा मुकादमाने जाता जाता सांगितले. त्या जागी तेव्हा सुतळी बांधलेली होती. कर्जाचे सगळे हप्ते वेळेवर आले आणि खाते उत्तम असा शेरा पडून बंद झाले. त्या पोराचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. मीही विचारले नाही.

फ्लॉरेन्सच्या त्या घुमटात दोन कवचांमधून वर जायची अरुंद वाट आहे. वर चढताना एका ठिकाणी थांबून मी आतल्या बाजूने खाली पाहिले. फरशीवरची माणसे मुंगीएवढी दिसत होती. सौ.ला वाटले मला चक्कर आली. मला ती फळ्यांची नोंद आठवली होती आणि माझी लाल शाई. तिथल्या व्यापाऱ्यांना पैसा माझ्याहून कमी कळत नव्हता. त्यांनी तो खर्च खोडला नाही.

परवा समोरची क्रेन उंच केली. नातवाला शाळेला सुट्टी होती. खांबाभोवती एक पिंजरा बसवलेला असतो. त्यातला जॅक क्रेनचा माथा थोडा वर उचलतो, मधे फट पडते, त्या फटीत क्रेन स्वतःच उचललेला खांबाचा नवा तुकडा सरकवतात, आणि बोल्ट पक्के आवळतात. असे तुकड्यावर तुकडा. म्हणजे क्रेनला क्रेनच वर चढवते, असे उत्तर मी त्याला दिले. त्याने दुर्बीण डोळ्याला लावली होती. तिथे चार माणसे आहेत आणि तीच चढवताहेत, असे त्याने मला सुनावले.

मग मी दुर्बीण घेतली आणि चौघांचे पट्टे पाहिले. तिघांचे आकडे अडकवलेले होते. चौथ्याचा लोंबत होता. मी खाली उतरलो, रस्ता ओलांडला आणि फाटकावरच्या माणसाला इंजिनिअरला बोलवायला सांगितले. तो तरुण मुलगा आधी वैतागला, मग त्याने वर पाहिले आणि वॉकी-टॉकीवर ओरडला. वर काम थांबले. चौथ्याने आकडा अडकवला. काम पुन्हा सुरू झाले. सगळे मिळून पाच मिनिटे गेली असतील.

त्या पोराचे नाव मला आजही ठाऊक नाही. ती ओळ मात्र पाठ आहे. चौथे पान, खालून तिसरी.